सनफिल्म लावली २२ मार्चला, पैसे परत आले १८ सप्टेंबरला

खूप दिवस झाले हे लिहायचं होतं. ग्राहक आयोगात तारखा चालू होत्या तोवर लिहावंसं वाटेना, आता प्रकरण निकाली निघालंय आणि फाईल कपाटात गेलीये, म्हणून सगळं आठवतंय तोवर क्रमानं लिहून काढते. दुकानाचं नाव लिहिणार नाही, तडजोड झाली आहे आणि मला त्या माणसाशी आता काही घेणं-देणं नाही. पण माझ्यासारखं कुणी हातात चलान घेऊन "आता कुठे जायचं" म्हणून बसलं असेल तर त्याला उपयोग होईल.

आधी गाडीच्या काचांना फिल्म का लावली ते सांगते. आईला ल्युपस आहे. उन्हातली अतिनील (यूव्ही) किरणं लागली की तिच्या चेहऱ्यावर, हातावर चट्टे येतात आणि नुसते चट्टे नाही तर सांधे धरतात, ताप येतो, आठवडा जातो त्यात. दर महिन्याला आम्ही नागपूरहून वर्ध्याकडे तिच्या डॉक्टरांना दाखवायला जातो, पाऊणशे किलोमीटर. ती मागे डाव्या बाजूला बसते. सकाळी जाताना ऊन डावीकडून आणि दुपारी परत येताना पण डावीकडूनच, रस्त्याची दिशाच तशी आहे. फेब्रुवारीच्या ट्रिपनंतर तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत चट्टे आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाडीच्या बाजूच्या काचा यूव्ही पूर्ण अडवत नाहीत, काहीतरी करा. नागपूरचा उन्हाळा तोंडावर होता. म्हणून मी घाई केली.

२२ मार्चला, शनिवारी, रिंग रोडवरच्या एका दुकानात गेले. मोठा बोर्ड, आत एसी, सोफा. मालकानं एक डबा दाखवला, त्यात लाल दिवा लावलेला असतो आणि समोर फिल्मचा नमुना लावलेली काच. हात ठेवा म्हणाला. साध्या काचेमागे हात भाजत होता, फिल्मवाल्या काचेमागे काहीच नाही. मी लगेच पटले. हा दिवा उष्णतेचा असतो, त्यातून यूव्हीचं काहीच कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि डब्यात लावलेला नमुना म्हणजे तुमच्या गाडीला लागणारी फिल्म असं काही लिहून दिलेलं नसतं, हेही नाही.

मी त्याला आईचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मग तर डार्कच घ्या, जेवढी डार्क तेवढी यूव्ही कमी." हे वाक्य मी नंतर तक्रारीत जसंच्या तसं लिहिलं, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच होतं. फिल्म काळी असणं आणि यूव्ही अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळजवळ पारदर्शक फिल्म सुद्धा ९९ टक्के यूव्ही अडवू शकते आणि स्वस्तातली काळीकुट्ट फिल्म त्यापेक्षा कमी अडवू शकते. समोरची काच तर दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, ती मुळातच बहुतेक यूव्ही अडवते. प्रश्न फक्त बाजूच्या काचांचा होता. म्हणजे आम्हाला समोर काही लावायची गरजच नव्हती.

भाव ठरला १४,५०० रुपये, पूर्ण गाडी, "नॅनो सिरॅमिक", पाच वर्षं वॉरंटी. मी दोनदा विचारलं की पोलीस पकडतील का. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं, "फ्रंट ७० साइड ५० आरटीओ अप्रूव्ड नो टेन्शन". हा मेसेज पुढे सगळ्यात कामाला आला. बिलाचं विचारलं तर म्हणाला पक्कं पाहिजे तर १८ टक्के वर लागतील. मी कच्च्या चिठ्ठीवर मान्य केलं. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: फुल कार फिल्म, १४,५००, आणि गाडीचा नंबर. बस. ४,००० ॲडव्हान्स यूपीआयनं दिले, बाकी १०,५०० काम झाल्यावर, तेही यूपीआयनं. रोख दिले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी गाडी दिली. सांगितलं तीन तास, लागले साडेसहा. काम आतल्या एसी खोलीत नाही तर बाहेरच्या शेडमधे, वर पंखा फिरून राहिला, बाजूला दुसरी गाडी पॉलिश होऊन राहिली, सगळी धूळ उडत होती. मी म्हटलं धूळ बसेल ना, तर काम करणारा पोरगा म्हणाला साबणाच्या पाण्यात निघून जाते मॅडम. तो पोरगा मेहनती होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, एकटाच सकाळपासून उभा होता. पण समोरच्या काचेवर फिल्म बसवायला त्यानं फास्टॅग उचकटला आणि नंतर सेलोटेपनं चिकटवून दिला. फास्टॅग असा काढला की आतली तार तुटते, तो त्याच्यासाठीच तसा बनवलेला असतो की एका गाडीचा काढून दुसरीला लावता येऊ नये. हे मला टोल नाक्यावर कळलं.

संध्याकाळी गाडी घेतली तेव्हा मागच्या काचेवर बुडबुडे होते. मालक म्हणाला पंधरा दिवसात बसेल, चार दिवस काचा खाली करू नका. हे अर्धं खरं आहे. फिल्मखाली पाणी राहिलं असेल तर ते खरंच हळूहळू सुकतं आणि धुरकटपणा जातो. पण धुळीचे कण, घडी पडलेली जागा, कडेला उचललेली फिल्म, हे कधीच जात नाही. ओळखायची सोपी पद्धत: नखानं हलकं दाबा, पाणी असेल तर सरकतं, कण असेल तर टोचतो आणि तिथेच राहतो. आमच्या मागच्या काचेवर मी मोजले तेव्हा चाळीसच्या वर कण होते, उन्हात बघितलं की घामोळ्या आल्यासारखं दिसायचं.

२ एप्रिलला वर्ध्याला निघालो. टोलवर फास्टॅग वाचलाच गेला नाही, डबल पैसे रोख. येताना पुन्हा डबल. दोन्ही पावत्या मी डॅशबोर्डमधे टाकल्या, त्यामागे काही विचार नव्हता, सवय म्हणून. नंतर बँकेतून बदली टॅग घेतला, १०० रुपये. त्याच दिवशी डाव्या मागच्या दाराची काच खाली केली तर वर येताना फिल्मची कड रबरात अडकून दोन बोटं सोलली. सांगितलेल्या चार दिवसांपेक्षा बरेच जास्त दिवस झाले होते. मी फोटो पाठवला, उत्तर आलं "आणा करून देतो". ५ एप्रिलला नेली तर मालक नाही, १२ ला नेली तर पोरगा नाही. आणि आईला रात्री गाडीत भीती वाटायला लागली कारण मागून काही दिसत नव्हतं, मला सुद्धा रिव्हर्स घेताना आरशात अंधारच.

१७ एप्रिल, गुरुवार. वर्धा रोडवर नाकाबंदी होती. हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मी लगेच मोबाईलमधला तो मेसेज दाखवला, आरटीओ अप्रूव्ड. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले, "मॅडम, आरटीओ फिल्म अप्रूव्ह करत नाही. दुकानवाले सगळ्यांना हेच सांगून राहिले." त्यांच्याकडे काचेतून किती टक्के उजेड येतो ते मोजायचा मीटर होता, काच अर्धी खाली करून दोन्ही बाजूंनी लावला. आकडा आला ३६. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यायला पाहिजे. मी म्हटलं फिल्म ५० चीच आहे. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला दुकानातल्या एकानंही सांगितलं नव्हतं, की मीटर फिल्म मोजत नाही, काच मोजतो.

हे नीट समजावून सांगते कारण माझी सगळी केस याच्यावर उभी राहिली. कंपनीतून येणारी बाजूची काच थोडी हिरवट असते, तिच्यातून सगळा उजेड येत नाही. आमच्या गाडीची कोरी काच नंतर मोजली तर ७२ आली. त्याच्यावर ५० ची फिल्म लावली की ७२ चे निम्मे, म्हणजे ३६. टक्के वजा नाही होत, गुणाकार होतो. ५० च्या वर राहायचं असेल तर अशा काचेवर ७० च्या खालची फिल्म चालणारच नाही. समोरच्या आणि मागच्या काचेला तर किमान ७० पाहिजे आणि तिथे ७० ची फिल्म लावली की आकडा सरळ पन्नाशीत येतो. म्हणजे "फ्रंट ७० साइड ५०" हे आकडे नियमातले आहेत, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०० वा नियम, पण ते काचेचे आहेत आणि दुकानदार तेच फिल्मचे म्हणून विकतो. ऐकणाऱ्याला आकडे ओळखीचे वाटतात आणि तो विश्वास ठेवतो. मी ठेवला.

चलान ५०० चं. पुन्हा सापडलात तर १,५०० होईल असं सांगितलं. मेसेज आला, मी महाट्रॅफिक ॲपवरून भरून टाकलं आणि पावती डाउनलोड केली. घरी येईपर्यंत आई एकच म्हणत होती, माझ्यामुळे झालं. ते ऐकून मला जास्त राग आला. पाचशे रुपयांसाठी नव्हता तो.

त्या रात्री बसून वाचलं. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ ला काळ्या फिल्मवर बंदी घातली होती, आणि त्या आदेशानुसार टक्केवारी कितीही असो, काचेवर वेगळं काही चिकटवायचं नाही. नंतर नियम १०० मधे दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२१ पासून त्यात सेफ्टी ग्लेझिंग (प्लास्टिकचा थर बसवलेली काच सुद्धा त्यात येते) हा शब्द आला, आणि सप्टेंबर २०२४ मधे केरळ उच्च न्यायालयानं त्याच्या आधारे म्हटलं की ठरलेली पारदर्शकता पाळून लावलेल्या फिल्मला दंड करता येणार नाही. म्हणजे दोन्ही बाजू बोलायला जागा आहे. पण ३६ आकडा कुठल्याच बाजूनं बसत नाही.

१९ एप्रिलला दुकानात गेले, सोबत दादाला नेलं. मालक म्हणाला, "ताई, सगळ्यांच्या गाड्या अशाच फिरून राहिल्या, तुम्हालाच काऊन पकडलं?" पैसे परत नाही, पाहिजे तर बाजूच्या काचांची फिल्म काढून देतो, फुकट. मी वॉरंटी कार्ड दाखवलं. त्यावर ना रोल नंबर, ना फिल्मचं मॉडेल, ना शिक्का. तो म्हणाला वॉरंटी रंग उडाला तर आहे, चलानची नाही. दादाचा आवाज चढला, तिथे दोनचार पोरं जमली, आम्ही निघून आलो. भांडून काही होत नाही हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं, पण पायच निघत नव्हता.

कार्डावर ज्या कंपनीचं नाव होतं तिला ईमेल केला, फोटो जोडून. सहा दिवसांनी उत्तर आलं की हे दुकान आमचं अधिकृत नाही आणि अशा नंबरची वॉरंटी नोंदलेली नाही. गाडीवर नेमकी कुठली फिल्म होती ते मालकानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. कंपनीचा तो ईमेल मी प्रिंट करून ठेवला. तुम्ही फिल्म लावणार असाल तर रोलचा डबा उघडताना समोर उभे राहा, रोलवरच्या नंबरचा फोटो घ्या आणि दुकानातून निघायच्या आधी वॉरंटी कंपनीच्या साइटवर नोंदवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

२१ एप्रिलला नोटीस पाठवली. वकील केला नाही. एका पानावर मराठीत लिहिलं: तारीख, रक्कम, काय सांगितलं, काय निघालं, किती परत पाहिजे, १५ दिवसांत द्या नाहीतर ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक पंचायतीत काम केलेले एक ओळखीचे काका आहेत, त्यांनी मसुदा बघून दिला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला सुचल्या नसत्या. एक, रागाची वाक्यं सगळी काढून टाक. दोन, बिल न देणं आणि सदोष वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत, त्या नमूद कर. मी कच्च्या चिठ्ठीला हो म्हटलं म्हणजे माझीच चूक, असं मी धरून बसले होते. काका म्हणाले, पक्कं बिल देणं त्याचं काम आहे, तू मागायची वाट त्यानं बघायची नसते.

रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट पाठवली, पन्नास रुपयांच्या आत काम झालं. त्याचीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पोचपावतीचं कार्ड २६ ला परत आलं, सहीसकट. ते कार्ड जपून ठेवायचं.

पंधरा दिवस वाट बघून, वर आणखी थोडे दिवस देऊन, १३ मेला १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बोलणाऱ्या मुलीनं शांतपणे सगळं ऐकलं, नंबर मिळाला, मेसेज आला. मोठ्या कंपन्यांच्या तक्रारी तिथे लवकर सुटतात असं ऐकलं होतं, कारण त्या कंपन्या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत. रिंग रोडवरच्या दुकानाचं तसं काही नव्हतं. त्यांनी त्याला कळवलं, त्यानं उत्तर दिलं नाही, आणि तीन आठवड्यांनी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, पुढे आयोगात जाण्याचा सल्ला देऊन. वाईट वाटलं, पण तो मेसेज सुद्धा पुरावा म्हणून लागतो, म्हणून फोन करून वेळ फुकट गेली असं नाही.

मधल्या काळात एक मोठा प्रश्न होता, फिल्म काढायची की ठेवायची. ठेवली तर १,५०० ची भीती आणि काढली तर पुरावा गेला. बाहेर ४४-४५ चं तापमान, आईची तारीख जवळ आलेली. शेवटी ३१ मेला दुसऱ्या दुकानात काढली, १,८०० रुपये. पण काढायच्या आधी प्रत्येक काचेचं मीटर रीडिंग त्या दुकानदाराकडून लेटरहेडवर लिहून घेतलं, तारीख आणि गाडीचा नंबर टाकून. समोर ५४, बाजूला ३५ ते ३६, मागे ३३. मग फिल्म काढून कोऱ्या काचांचं पण रीडिंग. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुणालाही कळतं. प्रत्येक काचेचा व्हिडिओ घेतला, सुरुवातीला त्या दिवसाचा पेपर दाखवून. काढलेले तुकडे पॉलिथिनवर चिकटवून, वर कुठल्या काचेचा ते लिहून ठेवले, कारण गरज पडली तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. मागच्या काचेवरून फिल्म काढताना गोंद इतका घट्ट बसला होता की डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून वाफ घालवणाऱ्या, दोन तारा त्याच्यासोबत निघाल्या. त्यानं आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं. वाफ देऊन हळू काढली तर धोका कमी होतो, पण शून्य नाही.

९ जूनला ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार दाखल केली. लोकांना वाटतं वकील, कोर्ट, फी. फी शून्य आहे, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात काही लागत नाही. वकील लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, दुकान दुसऱ्या गावातलं असलं तरी, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. मी मराठीत लिहिली. अवघड काय असेल तर कागद. तक्रार, घटनांची तारीखवार यादी, कागदपत्रांची अनुक्रमणिका, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, चिठ्ठी, यूपीआयचे स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, नोटीस, पोचपावती, चलान, टोलच्या पावत्या, रीडिंगचे दोन कागद, कंपनीचा ईमेल. चॅट आणि व्हिडिओ यांच्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी त्याला ६५ ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम ६३. नोटरीचे २०० गेले, झेरॉक्स आणि प्रिंटचे ३४०. पोर्टल दोनदा मधेच लॉगआउट झालं, म्हणून मजकूर आधी वर्डमधे लिहून ठेवा आणि पीडीएफ लहान करून ठेवा. रात्री दहानंतर मला बरं चाललं.

मागण्या लिहिताना हात आखडला होता. फिल्मचे १४,५००, काढायचे १,८००, चलान ५००, फास्टॅग १००, टोलचे जास्तीचे १५०, मिळून १७,०५०. शिवाय मानसिक त्रासाचे १०,००० आणि खर्चाचे ५,०००. हे पंधरा हजार मला जास्त वाटत होते, पण काका म्हणाले लिहायचं, तो तुझा हक्क आहे, द्यायचं की नाही ते आयोग ठरवेल.

२० जूनला त्रुटी निघाल्या. पानांना सलग नंबर नाहीत, आणि सामनेवाल्याचं पूर्ण नाव नाही. सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. मी फक्त दुकानाचं नाव लिहिलं होतं. दुकानाच्या मागे माणूस कोण, हे लागतं. चिठ्ठीवर नाव नाही, बोर्डवर नाही. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग लक्षात आलं, यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर खातेदाराचं पूर्ण नाव असतं. तेच टाकलं. दुरुस्त करून पुन्हा पाठवली.

१७ जुलैला दाखल करून घेण्याची सुनावणी. सिव्हिल लाइन्समधे आयोगाचं ऑफिस. मी अर्धा दिवस रजा टाकली, सकाळी साडेदहाला पोचले, नंबर लागला पावणेएकला. छातीत धडधडत होतं. आत पाच मिनिटं लागली. विचारलं, फिल्म कधी लावली, पैसे कसे दिले, आकडा किती आला. मी रीडिंगचे दोन कागद पुढे केले, ते त्यांनी शांतपणे वाचले. नोटीस काढायचा आदेश झाला आणि पुढची तारीख २ सप्टेंबर. सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत म्हणणं द्यावं लागतं, फार तर आणखी १५ दिवस वाढवून मिळतात. बाहेर बाकावर एक आजोबा भेटले, त्यांची फ्रिजची केस तिसऱ्या वर्षात होती. त्यांनी मला रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, ऑनलाइन कसा बघायचा ते शिकवलं आणि म्हणाले तारीख कधी चुकवू नको पोरी, एक तारीख चुकली की फाईल खाली जाते.

ऑगस्टमधे मालकाचे फोन सुरू झाले. आधी थोडे चढ्या आवाजात, मग मऊ. ५,००० घ्या आणि मिटवा. मी प्रत्येक वेळी एवढंच म्हटलं, जे सांगायचं ते लिहून पाठवा. एकदा त्यानं आईच्या तब्येतीची चौकशी केली आणि मला वाटलं घ्यावेत पैसे, संपवावं. आईच म्हणाली थांब.

२ सप्टेंबरला तो आला, सोबत त्याचा चुलतभाऊ. लेखी म्हणणं आणलं नव्हतं. तडजोडीची शक्यता आहे का असं आयोगानं विचारलं, दोघांनी हो म्हटलं. बाहेर बाकावर बसून अर्धा तास बोललो. तो १०,००० वर अडला, मी १५,००० वर. शेवटी १३,५०० वर आलो. मी कमी घेतले हे मला माहीत आहे. पुढे दोन-तीन वर्षं जातील, प्रत्येक तारखेला रजा, आणि आईची दवाखान्याची तारीख पण सांभाळायची, हे सगळं धरून मी ठरवलं. तुमचं गणित वेगळं असू शकतं. एक अट मी सोडली नाही, आधी पैसे खात्यात आणि मगच सही. तोंडी तडजोडीवर तक्रार मागे घेऊ नका, रक्कम आणि तारीख लिहिलेली पुरसिस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, दोघांच्या सहीनं आयोगात द्या, म्हणजे ती रेकॉर्डवर येते.

१८ सप्टेंबरला सकाळी पैसे आले, दुपारी पुरसिस दिली, प्रकरण निकाली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं काचेचं वेगळं असते म्हणून." मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. कदाचित त्यालाही कुणी ५० म्हणूनच विकली असेल. मी त्याला गुणाकार पुन्हा एकदा समजावून सांगितला. मीटर घेतो म्हणाला.

आता गाडीला मागच्या दोन दारांना पारदर्शक यूव्ही फिल्म आहे, बाकी कुठेच काही नाही. पक्कं बिल, रोल नंबर, वॉरंटी नोंदलेली, ५,२०० रुपये. लावल्यानंतरचं रीडिंग ६६, तो कागद गाडीच्या कप्प्यात आरसीसोबत ठेवलाय. रस्त्यावर कुणी थांबवलं आणि फिल्मच नको म्हणालं तर मी वाद घालणार नाही, काढून टाकीन, हे पण ठरवलंय. आई तरी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालते, सनस्क्रीन लावते, फिल्मवर सगळं सोडलेलं नाही. ऑक्टोबरच्या ट्रिपनंतर हाताला चट्टे आले नाहीत. एकाच ट्रिपचं आहे, त्यामुळे अजून काही म्हणत नाही.

डिफॉगरच्या त्या दोन तारा तेवढ्या राहिल्यात. त्या जोडायचं रंगासारखं चांदीचं एक औषध मिळतं, ब्रशनं लावायचं, मागवून ठेवलंय. डिसेंबरात वर्धा रोडवर सकाळी धुकं पडतं, त्याच्या आत करायचंय.